दीडशे रुमाल

कौसल्याताई चहांदे यांच्याशी बोलताना कुणी जरा लांबण लावली की त्या हात वर करतात आणि म्हणतात, "तीन मिनिटं झाले. वाढवू का?"

'वाढवा' म्हणायची हिंमत मी अजून कुणाची पाहिलेली नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ताई नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. तेव्हा परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे आणि दर तीन मिनिटांनी मध्येच एका बाईचा आवाज येऊन वेळ वाढवायची का, असं विचारत असे. निम्म्या विदर्भातल्या सोयरिकी, मयती आणि बदल्या त्या आवाजाच्या देखरेखीखाली पार पडल्या. पुढे ट्रंक कॉल गेले, एक्स्चेंज इलेक्ट्रॉनिक झालं, ताई ऑपरेटरच्या खुर्चीवरून उठून मशिनीच्या खोलीत गेल्या आणि तिथंही वीस-पंचवीस वर्षं राज्य करून दोन हजार वीसमध्ये स्वेच्छानिवृत्त झाल्या. आवाज मात्र निवृत्त व्हायचा राहून गेला.

त्यांचे यजमान ताराचंदभाऊ फार शांत गृहस्थ आहेत. इतके शांत कसे, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"सर, आमचं भांडणही तीन मिनिटांचंच राह्यते," ते म्हणाले. "आन् पहिले तीन मिनिटं तिचे."

ताईंचा कान तर असा की घरातल्या कूलरचा पंप बिघडायच्या दोन दिवस आधी त्यांना कळतं. शेजाऱ्यांच्या कूलरचंही कळतं, आणि त्या जाऊन सांगून येतात. शेजारी आधी रागावतात, मग दोन दिवसांनी मिस्त्रीचा नंबर विचारायला येतात.

जरीपटक्याच्या बाजारामागे आमची अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर एक लांबलचक हॉल, एकशेवीस खुर्च्या, खिडक्यांना तीन कूलर, भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याखाली पोलीस भरतीपासून तलाठ्यापर्यंत सगळ्या परीक्षांच्या तारखा. मी तिथं मराठीचे प्रश्न काढतो. अध्यक्ष आहेत भैय्याजी. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. बोलतात ते ठरावाच्या भाषेत आणि चहासुद्धा सर्वानुमते घेतात.

दर रविवारी अकरा वाजता आमची सराव परीक्षा होते. पूर्वी ती कागदावर व्हायची आणि हॉलमधल्या एकशेवीस जणांपुरती असायची. लॉकडाउनमध्ये हॉलला कुलूप लागलं, तेव्हा ताई नुकत्याच घरी बसल्या होत्या आणि ताराचंदभाऊंना, त्यांच्याच शब्दांत, चोवीस तास लाइनवर घेतलं होतं. कुणाच्या तरी भल्यासाठी ताईंनी काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी एका कॉलेजनं काढून टाकलेलं मशीन मिळवलं, पुस्तकांच्या कपाटामागच्या खोलीत मांडलं, भाचा प्रशिक याच्याकडून परीक्षेची वेबसाइट बनवून घेतली आणि स्वतः त्या सर्व्हरच्या मालकीण, डॉक्टर आणि सासू झाल्या. प्रशिक मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यानं पुष्कळदा सांगून पाहिलं, की मावशी, आजकाल कोणी घरी सर्व्हर पाळत नाही, भाड्यानं मिळतो.

"ज्या मशीनले मले हात लावता येत नाही, त्याचा ताप मी कसा पाहू?" ताई म्हणाल्या, आणि विषय तिथंच बंद झाला. तीन मिनिटंही लागली नाहीत.

पाच वर्षांत एकशेवीसची चौदाशे मुलं झाली. उमरेड, कुही, मौदा, नरखेड, कुठूनकुठून. भिवापूरकडची दिपाली नावाची एक मुलगी तर रेंज मिळावी म्हणून शेजाऱ्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून पेपर सोडवते. टाकीची सावली सरकते तशी तीही सरकते. परीक्षा संपेस्तोवर टाकीच्या दुसऱ्या बाजूला पोचलेली असते. ती ताईंना कधी भेटलेली नाही, पण निकाल लागला की फोन करते, आणि ताराचंदभाऊंच्या माहितीप्रमाणे पृथ्वीवर ती एकटीच अशी आहे जिला ताई सहा मिनिटं बोलू देतात.

तर यंदाच्या मे महिन्यात हा सर्व्हर गोठू लागला.

बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात नागपुरात काही गोठतं हीच मुळात अभिमानाची गोष्ट, पण चौदाशे मुलांना ती पटली नाही. पहिल्या रविवारी पावणेनऊलाच साइट उघडेना. चकरी फिरत राहायची, पान काही यायचं नाही. बंद करून चालू केलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. अकरा वाजता निम्मी मुलं आत, निम्मी बाहेर. दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्या रविवारी आत आलेलीही बाहेर फेकली गेली.

आता आपल्याकडे कोणी आजारी पडलं की अख्खं गाव पाहायला येतं आणि प्रत्येक जण जाताना एक औषध सांगून जातो. सर्व्हरलाही तेच भाग्य लाभलं. कोणी म्हणालं, व्हायरस. कोणी म्हणालं, जुना झाला, बदला. भैय्याजींनी मात्र पहिल्या दिवशीच निदान केलं.

"ऊन लागलं त्याले."

असं म्हणून ते खाली गेले, बाजारातून एक चांगला टणक कांदा निवडून आणला आणि सर्व्हरच्या डोक्यावर ठेवला. मागच्या जाळीवर ओला टॉवेलही टाकणार होते, पण ताईंनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"कांदा ठेवा. कांद्यानं त्याचं काही वाईट होत नाही. टॉवेल डोक्याले बांधा तुमच्या."

एवढ्यावर भैय्याजी थांबले नाहीत. ताई जरा बाहेर गेल्या असताना त्यांनी बंद-चालू करण्याची त्यांची पद्धत वापरली, म्हणजे भिंतीतला प्लगच उपटला. तो आवाज ताईंना जिन्यावर ऐकू आला.

"भैय्याजी! झोपलेल्या माणसाले उठवाले तुम्ही घराची भिंत पाडता काय?"

"पण उठला न तो?"

"उठला. आता तासभर स्वतःचे हातपाय मोजत बसते, सगळे आहेत का म्हणून."

तिसऱ्या रविवारनंतर समितीची सभा झाली आणि ठराव पास झाला: येत्या रविवारी अकरा वाजता परीक्षा सुरळीत सुरू न झाल्यास ऑनलाइन पद्धत बंद करून पूर्ववत कागदी पद्धत अंगीकारण्यात यावी. भैय्याजींचा कागदावर जुना जीव. कागद गोठत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं.

"आन् बाकीचे पोट्टे?" ताईंनी विचारलं. "भिवापूरची पोरगी पेपर द्याले कशी येईन इथं? तिच्या गावाहून रविवारची पहिली गाडीच साडेनऊची आहे."

"ज्याले यायचं तो येईन," भैय्याजी म्हणाले, पण ताईंकडे न बघता. ते वाईट मनुष्य नाहीत. फक्त तीन रविवार ओळीनं चौदाशे पालकांचे फोन त्यांच्या नंबरावर आले होते, आणि कोणत्याही नायब तहसीलदाराची सहनशक्ती अशा जागी संपते.

ताईंनी ठरावावर सही केली. विरोध नोंदवला नाही. त्यांनी फक्त एक जाड रजिस्टर काढलं, त्यावर तारीख टाकली आणि रविवारची वाट पाहत बसल्या. मी धीर द्यायला गेलो, तर म्हणाल्या, "सर, फॉल्ट म्हणजे फॉल्ट राह्यते. तो कुठं पळून जात नाही. आपणच त्याच्या आंगावरून दहादा जातो आन् पाहत नाही." मी धीर परत घेऊन आलो.

रविवारी आठ वाजता मी पोचलो तेव्हा ताई सर्व्हरसमोर डबा उघडून पोहे खात होत्या. वर कांदा, शेजारी रजिस्टर. हॉलमधून कूलरची घरघर. भैय्याजी तहाच्या अटी घेऊन आल्यासारखे एका कोपऱ्यात छापील प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे लावून बसले होते. न जाणो, लागल्याच तर.

आठ चाळीसला सर्व्हर गोठला.

"करू का बंद-चालू?" भैय्याजी उठलेच.

"बसा. कोणी हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या. "आजवर हा गोठला का आपण त्याले हलवून उठवलं. गोठलेला असताना तो करते काय, हे कोणी पाह्यलं काय?"

त्यांनी सर्व्हरचाच कीबोर्ड पुढे ओढला आणि काहीतरी टाइप केलं. मला वाटलं, पडदाही आता मख्खासारखा बसेल. पण उत्तर फटकन आलं.

"पाहा," ताई म्हणाल्या. "माझ्याशी बोलून राह्यला. बाहेरच्यायशी बोलत नाही. मंग हा बेशुद्ध कसा? याले ताप नाही, काही नाही. डोकं थंड, मेमरी अर्धी रिकामी. काम काहीच करून नाही राह्यला." त्या पुढे वाकल्या. "आन् तरी याले फुरसत नाही."

काम काही नाही आणि फुरसतही नाही, अशा अवस्थेतली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. मशीन पहिलंच.

प्रशिकची त्या दिवशी मिहानमध्ये ड्यूटी होती. ताईंनी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मावशी, रॅम वाढवून पाहू," तो म्हणाला.

"अर्धी रिकामी आहे. घरात दोन खोल्या रिकाम्या असताना तिसरी बांधतो काय तू?"

"मग कदाचित डिस्क..."

"प्रशिक, अंदाज नको देऊ. एप्रिल महिन्यात हा चांगला होता. मे महिन्यात बिघडला. मधी काय बदललं?"

"काहीच नाही, मावशी. मी मागंही सांगितलं. फक्त ते घड्याळ टाकलं."

"बरं," ताई म्हणाल्या आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं.

मग त्यांनी सर्व्हरची सेवा रीतसर थांबवून पुन्हा सुरू केली. मशीन तसंच चालू, प्लग वगैरे उपटणं नाही. साइट उघडली. हॉलमधून "आली, आली!" असा गलका झाला. ताईंनी घड्याळ पाहिलं आणि नुसत्या बसल्या. एकोणीस मिनिटांनी पुन्हा गोठला. पुन्हा सुरू केला. या वेळी अकरा मिनिटं. मग सात. मग चार. प्रत्येक वेळी भैय्याजींचा चेहरा गठ्ठ्यांकडे वळत होता आणि ताईंचा मात्र खुलत चालला होता. गोठण्याचं अंतर कमी होतंय याचा आनंद होणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होतो.

"सर, हे पाहा." त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मागच्या तिन्ही रविवारच्या वेळा त्यांनी जपून लिहिल्या होत्या. "जसजसे अकरा जवळ येतात, तसतसा हा लवकर गोठते. आन् सोमवार ते शनिवार एकदाही नाही. मंगळवारी सेहेचाळीस डिग्री होतं. त्या दिवशी अभ्यासाच्या नोट्स चारशे जणायनं उतरवल्या, हा हूं का चूं नाही. भैय्याजी, तुमचं ऊन गेलं."

"कांदा होता म्हणून," भैय्याजी म्हणाले.

दहा वाजून पाच मिनिटांनी तो पाचव्यांदा गोठला, तेव्हा ताईंनी पडद्यावर एक लांब यादी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवत मोजू लागल्या. आमचा सर्व्हर एका वेळी दीडशे जणांशी बोलू शकतो. म्हणजे रेल्वेच्या तिकीटघराला दीडशे खिडक्या आहेत असं समजा. एरवी प्रत्येकाचं काम पापणी लवेपर्यंत आटोपतं, म्हणून दीडशे खिडक्यांवर चौदाशे मुलं सहज निपटतात. यादीत दीडशेच्या दीडशे खिडक्यांवर माणूस उभा होता. एकशेएक्कावन्नावा आला की त्याला बाहेरच उभं राहावं लागे, आणि त्याच्या फोनवर चकरी फिरे.

"दीडशे लाइनी एंगेज," ताई हळूच म्हणाल्या. "आन् एकावरही कोणी बोलून नाही राह्यलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, थकल्या. पण त्या ऐकत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वीचं एक्स्चेंज ऐकत असाव्यात.

"सर, असं एकाच कारणानं होते. कोणीतरी रिसीव्हर खाली नाही ठेवला. बोलणं संपलं, माणूस उठून गेला, आन् रिसीव्हर टेबलावर तसाच. लाइन त्याच्याच नावावर." त्यांनी डोळे उघडले. "इथं दीडशे जणायनं नाही ठेवला. हे आहेत कोण?"

यादीतला प्रत्येक जण एकच पान धरून उभा होता. नाव होतं, 'प्रतीक्षा'.

ताई उठल्या आणि दार उघडून हॉलमध्ये गेल्या. मी मागोमाग. भैय्याजी माझ्या मागोमाग.

हॉलमध्ये एकशेवीस खुर्च्या होत्या आणि मुलं होती फार तर पन्नास. बाकीची खाली टपरीवर चहा पीत होती. पण रिकामी खुर्ची एकही नव्हती. माणूस नाही तिथं रुमाल. काहींवर पाण्याची बाटली, काहींवर ओढणी, एका खुर्चीवर एकच मोजा. यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल हा खरेदीखतापेक्षा पक्का मानतात. तीन पिढ्यांत त्याला कुणी आव्हान दिलेलं नाही. अभ्यासिकेत सकाळी सातला येऊन स्वतःसाठी एक आणि मैत्रिणींसाठी तीन रुमाल टाकणं हा तर आमचा कुलाचार आहे.

फक्त ताई रुमालांकडे बघत नव्हत्या. रुमालांच्या शेजारी प्रत्येक टेबलावर एकेक फोन पडला होता. उताणा, पडदा उघडा. त्यावर आमचंच पान, आणि त्यात एक घड्याळ उलटं मोजत होतं: परीक्षा सुरू व्हायला अठ्ठेचाळीस मिनिटं, बारा सेकंद. अकरा. दहा.

पिंकी नावाची एक हुशार मुलगी पहिल्या रांगेत बसते. तिच्यासमोर दोन फोन आणि एक जुना टॅब होता.

"पिंके, हे तीन तीन कायले वं?"

"एक माझा, एक रुचीचा, एक शीतलचा. त्या चहा प्यायले गेल्या, ताई."

"आन् पान काहून उघडून ठेवलं आतापासून? परीक्षा तं अकराले आहे."

पिंकीनं ताईंकडे असं पाहिलं की जणू सूर्य पूर्वेलाच का उगवतो असं त्यांनी विचारलं होतं.

"जागा धराले."

"कुठली जागा?"

"सर्व्हरवरची. मागच्या रविवारी उशिरा आलेले बाहेर राह्यले न. म्हणून आज सातपासूनच एकेक जण टाकून ठेवून राह्यला."

मग ताई हसू लागल्या. आधी गालात, मग मोठ्यानं, मग खुर्चीचा आधार घेऊन. मुलंही हसू लागली, कशाला ते न कळताच. भैय्याजी तेवढे गंभीर होते. अध्यक्षांना कारण कळल्याशिवाय हसता येत नाही.

ताईंनी तिथूनच दिपालीला फोन लावला. ती टाकीच्या पहिल्या बाजूलाच होती.

"कवापासून उघडून ठेवलं गं?"

"साडेसहापासून, मावशी. आन् दादाच्या फोनवरही एक टाकून ठेवलं, माझा बंद पडला तर."

"शाबास," ताई म्हणाल्या. "राहू दे तसंच. अकराले पेपर होते म्हणजे होते."

खोलीत परत आल्यावर त्यांनी प्रशिकला पुन्हा स्पीकरवर घेतलं.

"प्रशिक, तुझं ते घड्याळ वेळ कुठून आणते?"

"सर्व्हरवरून. म्हणजे पान सर्व्हरला विचारतं, अकरा वाजले का? आणि वाजेपर्यंत सर्व्हर उत्तर देत नाही, लाइन तशीच धरून ठेवतो. वाजले की लगेच सांगतो. लाइन तुटली तर पान आपोआप पुन्हा..." तो थांबला. "मावशी. एका पानाला एक लाइन."

"हाव."

"म्हणजे दीडशे पानं उघडली की..."

"हाव."

"अरे बाप्पा!"

"आन् मी बंद-चालू केलं का सगळे रुमाल खाली पडतात, आन् एकेक करून पुन्हा येऊन बसतात. मी तीन रविवार गाडी रिकामी करून राह्यली आन् लोकं खिडकीतून पुन्हा रुमाल टाकून राह्यले. कोणाच्या डोक्यातून निघालं हे घड्याळ?"

भैय्याजी कांद्याकडे पाहू लागले.

"मोठ्या परीक्षेत तसंच असते," ते अखेर म्हणाले. "मीच सांगतलं होतं त्याले. जरा शिस्त दिसते म्हणून." आणि मग एकदम जबाबदारीची जाणीव होऊन त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "थांबा, मी ग्रुपवर टाकतो. नेहमीसारखं. सर्व्हरमध्ये अडचण आहे, सर्वांनी थोड्या थोड्या वेळानं उघडून पाहावे."

"नेहमीसारखं?" ताईंचा आवाज खाली आला. "तुम्ही दर रविवारी हे टाकत होते?"

"दर दहा मिनिटाले."

ताईंनी हात पुढे केला. भैय्याजींनी मोबाइल त्या हातावर ठेवला. तो त्यांनी कांद्याशेजारी ठेवून दिला.

सव्वादहा वाजले होते. पुढची पंचवीस मिनिटं ताई ज्या सुरात बोलल्या तो ट्रंक लाइनचा सूर असावा. एक शब्द जास्त नाही.

"घड्याळ त्यायच्या मोबाइलात आहे का नाही?"

"आहे."

"मंग ते आपल्याले काहून विचारते? पानानं एकदा वेळ विचारावी, रिसीव्हर खाली ठेवावा, आन् आपल्या घरी बसून मोजावं. किती वेळ लागते तुले?"

"लिहायला दहा मिनिटं. पण मावशी, जुनी पानं तर हजार फोनवर उघडीच आहेत. ती जुन्याच पद्धतीनं लाइन धरणार. सगळ्यांना बंद करायला सांगायचं म्हणजे..."

"कोणाले काही सांगायचं नाही. रुमाल उचला म्हटलं तर आपल्याकडे मारामारी होते." ताईंनी दोन क्षण विचार केला. "जुनं पान कशाची वाट पाहून राह्यलं? अकरा वाजल्याच्या उत्तराची न? अकरा वाजले असं समजलं का ते काय करते?"

"स्वतःला नव्यानं उघडतं."

"मंग देऊन टाक उत्तर. आत्ताच. ते उघडायले आलं का त्याच्या हातात नवीन पान दे. नवीन पान वेळ पाहीन, अजून अकरा नाही म्हणीन, आन् मुकाट्यानं आपल्या घड्याळावर मोजत बसीन. त्यायची जागा त्यायच्याजवळ, आपल्या लाइनी आपल्याजवळ."

फोनवरून थोडा वेळ फक्त कीबोर्डचा आवाज आला. मग प्रशिक म्हणाला, "मावशी, तू आमच्या कंपनीत येतेस का?"

"तीन मिनिटं झाले. लिही."

दहा एक्केचाळीसला नवं पान आलं. ताईंनी ते आधी स्वतःच्या फोनवर तपासलं, मग पिंकीच्या टॅबवर, मग भैय्याजींच्या मोबाइलवर, तोही त्यांनाच धरायला न देता. दहा शेहेचाळीसला त्यांनी सर्व्हरची सेवा शेवटची सुरू केली आणि यादी समोर ठेवली. एकशेएकोणपन्नास. दीडशे... आकडा तिथंच थरथरत राहिला. खुर्च्या रिकाम्या होण्याआधी सगळे एकदम उभे राहतात तसं काहीतरी चाललं असावं. मग नव्वद झाले. मग चाळीस. मग अकरा. मग दोन.

"हे दोन कोण?" भैय्याजींनी कुजबुजत विचारलं.

"एक मी," ताई म्हणाल्या. "दुसरा कोणीतरी समजदार माणूस."

उरलेली चौदा मिनिटं आम्ही तो दोनचा आकडा बघत काढली. कधी पाच व्हायचा, कधी एक. भैय्याजी गठ्ठ्यांवर हात ठेवून उभे होते, पण आता आधारासाठी. अकराला एक मिनिट कमी असताना ताईंनी रजिस्टर मिटलं. चुकेल असं वाटलं असतं तर उघडं ठेवलं असतं.

अकरा वाजले. आकडा उसळून एकशेवीसवर गेला, एकशेअडतीसवर गेला, एकशेचव्वेचाळीस... आणि खाली आला. साठ. पस्तीस. चौदाशे मुलांनी पहिला प्रश्न उघडला होता, आणि हॉलमधून एकदम कुणाचाच आवाज येईना. नुसते कूलर. ताईंनी हजेरीच्या यादीत एक नाव शोधलं. भिवापूरकडचं. प्रश्न क्रमांक दोन सोडवत होतं.

भैय्याजींनी एक प्रश्नपत्रिका उचलली, तिच्याकडे पाहिलं, उलटी केली.

"मागची बाजू कोरी आहे," ते म्हणाले. "पोट्ट्यायले गणिताच्या कच्च्या कामाले होईन."

"सर्वानुमते," ताई म्हणाल्या. भैय्याजी पहिल्यांदा हसले, आणि स्वतःच गठ्ठे उचलून हॉलमध्ये वाटायला गेले. जाताना दारातून मागे वळून म्हणाले, "ठराव मी पुढच्या सभेत रद्द करून घेतो. कांदा मात्र राहू द्या."

साडेअकराला ताराचंदभाऊ खालून चहाला हाक मारायला आले. सर्व्हर शांतपणे आपलं काम करत होता. ताई उठल्या, पदर सारखा केला, यादीकडे एकदा पाहिलं. मग पर्समधून रुमाल काढून सर्व्हरसमोरच्या आपल्या खुर्चीवर टाकला आणि जिना उतरू लागल्या.

मी रुमालाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ताई, हे काय?"

"एक माणूस, एक खुर्ची, एक रुमाल," त्या न थांबता म्हणाल्या. "आन् मी दहा मिनिटात परत येऊन राह्यली."